विटेतले लोखंड

अहमदाबादच्या आयआयएमचे छायाचित्र म्हटले की त्यात वास्तुरचनाकार लुई कानच्या विटांमधली ती प्रचंड वर्तुळे असणारच. कान विटेशी काय बोलला, तेही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. मला मात्र कित्येक वर्षे ओढ आहे ती त्या वर्तुळांमागच्या वसतिगृहांची आणि कुठल्याच छायाचित्रात न दिसणाऱ्या एका मराठी माणसाची. त्यांचे नाव अनंत राजे.

संस्था निघाली 1961 साली. विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई यांची उमेद, हार्वर्डची साथ आणि मूळचे पुण्याचे बाळकृष्ण दोशी यांनी कानच्या नावाची केलेली शिफारस, हा सगळा इतिहास सर्वज्ञात आहे. वसतिगृहांची खरी करामत वर्तुळांत नाही, आराखड्यात आहे. तिथे लांबलचक बोळ आणि दोन्हीकडे दारांच्या रांगा असा प्रकारच नाही. जिना आणि चहाची खोली यांच्याभोवती दहा-दहा खोल्या बसवल्या आहेत. इथले शिक्षण हार्वर्डच्या धर्तीवर, एखाद्या धंद्याचे प्रकरण घेऊन त्यावर वाद घालण्याचे. वर्गातला वाद रात्री चहाच्या खोलीत चालू राहावा, अशी ही योजना. अशा 18 इमारती 1968 ते 1978 या काळात उभ्या राहिल्या.

या काळाच्या मध्यावरच कान गेला. मार्च 1974 मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर त्याला मृत्यूने गाठले. मग उरलेले काम कोणी पुरे केले? जन्म मुंबईचा, शिक्षण जे. जे.मध्ये, त्यानंतर फिलाडेल्फियाला कानच्या कार्यालयात उमेदवारी आणि साठच्या दशकाच्या अखेरीस अहमदाबादच्या कामाची सूत्रे हाती, असा राजे यांचा प्रवास. कानच्या पश्चात त्याच आवारात त्यांनी स्वतःच्या इमारतीही उभ्या केल्या. त्या कानची नक्कल करत नाहीत आणि त्याच्याशी फटकूनही वागत नाहीत. मला हे फार अवघड कसब वाटते. राजे 2009 मध्ये निवर्तले. स्थापत्याच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

त्यांची आठवण प्रकर्षाने झाली ती डिसेंबर 2020 मध्ये. 18 पैकी 14 वसतिगृहे पाडून नवी बांधण्याचा बेत संस्थेने जाहीर केला. संचालकांनी माजी विद्यार्थ्यांना लिहिलेले पत्र हा या प्रकरणातला सर्वांत वाचनीय दस्तऐवज. विटा दुय्यम प्रतीच्या आहेत, छताचे तुकडे पडतात, 2001च्या भूकंपाने भेगा गेल्या, अशी तक्रारींची यादी त्यात आहे. त्यातली एक तक्रार वाचताना मी थबकलो: भूकंपाला तोंड देता यावे म्हणून विटकामात घातलेल्या सळ्या गंजून फुगल्या आणि त्यांनी विटा फोडल्या.

या इमारतींचा सारा तोरा प्रत्येक बल उघडे दाखवण्याचा. चपट्या कमानीचे रेटे तिची टोके बाहेर ढकलतात. ती दोन्ही टोके काँक्रीटची तुळई प्रत्यंचेसारखी ओढून धरते आणि हे सगळे भिंतीवर वाचता येते. वीट दाब सोसते, काँक्रीटमधले पोलाद ताण सोसते. पण भूकंपासाठीचे लोखंड विटांच्या पोटात दडवलेले आहे. काँक्रीट सळईला क्षारधर्मी कवच देते, वीट तसे देत नाही. वर गिलावा नसल्याने पाणी झिरपत गेले, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणजे जे एकच बल या इमारतीने लपवले, तिथेच ती फुटली. सगळा दोष विटेच्या प्रतीवर ढकलणे मला पटत नाही.

पत्रावर जगभरातून गदारोळ झाला, कानच्या तिन्ही मुलांनी विरोध केला आणि 1 जानेवारी 2021 रोजी बेत मागे घेतला गेला. मुंबईच्या वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या चमूने तोवर ग्रंथालय दुरुस्त करून 2019चा युनेस्को पुरस्कार मिळवला होता, आणि डी-15 हे वसतिगृहही डागडुजी करून उभे केले होते. दुरुस्ती होऊ शकते, याचा पुरावा आवारातच होता. तरीही नोव्हेंबर 2022 मध्ये संस्थेने सुरक्षिततेचा मुद्दा पुन्हा काढला, आणि काही इमारती बाह्यरूप तेच ठेवून नव्याने बांधण्याचा विचार मांडला.

डोक्यावर छताचा तुकडा पडण्याची भीती असलेल्या विद्यार्थ्याला वारशाचे प्रवचन देणे सोपे आहे. मी ते देणार नाही. पण दर्शनी भाग जपला म्हणजे कान जपला, हा हिशेब चुकीचा आहे. दर्शनी भाग छायाचित्रावरूनही पुन्हा उभारता येतो. कानचा विचार दहा खोल्या आणि चहाच्या खोलीच्या नात्यात आहे, आणि राजे यांचे काम त्या विचाराला एकेक थर देऊन उभे करण्यात आहे. नव्या इमारतीवर कानचे नाव तरी राहील. राजे यांच्या वाट्याला तेवढेही उरणार नाही. म्हणून दुरुस्ती महाग आणि किचकट असली तरी आधी तिचाच हिशेब मांडला पाहिजे, आणि तो मांडताना कानइतकेच राजे यांचेही नकाशे टेबलावर हवेत.