सरीचं पाणी कुणाच्या धुऱ्यात?

पूर्णा तालुक्यातल्या काळ्या रानात पेरणीचे दिवस मोजून मिळतात. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग दर जूनला सांगतो. एवढा पाऊस मुरला की रान चिखलून जातं, ट्रॅक्टर घालायची सोय राहत नाही. मग उघडीप, मग वाफसा, आणि वाफसा गेला की माती वरून आवळायला लागते. एवढ्या दिवसांत बीबीएफ यंत्रवाल्या ड्रायव्हरइतका भाव गावात कुणालाच नसतो.

बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा सरी. यंत्र एका फेरीत वरंबा पाडतं, त्यावर सोयाबीनच्या चार ओळी पेरतं आणि दोन्ही अंगांना सरी काढतं. अशाच एका रानात पहिला तास ओढून झाला तसे रानाचे मालक, साठीतले काका, उकिडवे बसले आणि बोटानं माती उकरून दाणा शोधू लागले. सापडल्यावर बोटाची पेरं मोजली. “पोरा, बी लई खोल जायलंय. वर घे जरा.” सोयाबीनचा दाणा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खाली गेला आणि वर एखादी जोरदार सर पडून थर बसला, की कोंबाला तो फोडून वर येता येत नाही. ड्रायव्हरनं पाना घेतला, बोल्ट सैल केले, फणं उचलली, पुन्हा आवळली. दुसऱ्या तासालाही उकरणं झालं. तिसऱ्याला काकांनी मान हलवली आणि गप्पा सुरू झाल्या. बी घरचंच होतं. काकूंनी आधीच शंभर दाणे ओल्या बारदानात गुंडाळून मोड मोजले होते. सत्तरच्या वर भरले, म्हणून मोंढ्यातून बॅगा आणायचं टळलं.

या सरीकडून दोन उलटी कामं करून घ्यायची असतात. 2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तेव्हा सरीत मुरलेल्या ओलीवर पीक तगवायचं. 2024 च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडला पावसानं झोडपलं. तेव्हा त्याच सरीनं पाणी बाहेर काढायचं, नाहीतर रान चिबडतं आणि मुळं सडतात. हवामानबदल म्हणजे काय, हे इथं दोन खरिपांत कळलं.

1972 साल मराठवाड्यात दुष्काळाचं म्हणून आठवतात. त्याच वर्षी स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली, परभणीला कृषी विद्यापीठ निघालं आणि हैदराबादजवळ पटांचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. काळ्या जमिनीसाठी रुंद वरंब्याची पद्धत बसवली ती या इक्रिसॅटनं, बैलांच्या औजारावर. पूर्णा जंक्शनवरून हैदराबादला थेट रेल्वे जाते. पद्धतीला मात्र इथं रुळायला बरीच वर्षं लागली. मग 2018 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं, अशा पद्धतींना बळ देणारा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, ज्याला सगळे ‘पोकरा’च म्हणतात. त्याच्या 15 जिल्ह्यांत परभणीही होता.

काकांना यातलं विचारलं तर ते बियाण्याचा हिशेब सांगतात. एकरी 30 किलो लागायचं, आता 22 च्या आसपास भागतं. पृथ्वीचं तापमान त्यांच्या बोलण्यात येत नाही, आणि यावं असंही मला वाटत नाही. खिशाला परवडणारी गोष्ट माणूस पुढच्या वर्षीही करतो. पर्यावरणाच्या शिबिरात घेतलेली शपथ किती दिवस टिकते ते आपण पाहतोच.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सऱ्या उताराला आडव्या काढल्या, पण त्यांची तोंडं शेवटी शेजाऱ्याच्या धुऱ्याशी येऊन थांबतात. जास्तीचं पाणी पुढं जाणार कुठं? शेजारी धुऱ्यावर उभाच होता. “तुमचं पानी माझ्या तुरीत नको, काका.” त्याचंही खोटं नव्हतं, तूर पाण्यात उभी राहिली की उबळते. देशादेशांच्या बैठकांतही बहुतेक हेच भांडण चालतं. फक्त तिथं कुणी पायातली चप्पल काढून धुऱ्यावर बसत नाही, हे दोघं बसले. चहा आला. धुऱ्याच्या कडेनं दोघांच्या रानातून सामाईक चर काढून तो ओढ्याला जोडायचा, यावर बोलणं आलं. खर्च निम्मा-निम्मा.

शेजाऱ्यानं एकच अट घातली: यंत्र आज इथून निघालं की आधी त्याच्या रानात. ड्रायव्हरनं डायरी उघडली. नंबर दुसऱ्या गावाचा होता, आणि आभाळ भरून येत होतं. त्यानं तिकडे फोन लावला आणि, ट्रॅक्टरचा पट्टा तुटलाय, उद्या सकाळी येतो, असं बेधडक सांगून टाकलं.