साडेतेरा हजार किलोमीटर

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. यातलं 'सरळ' म्हणजे काय, हे शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना दोऱ्याने दाखवायचे. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहिला की वाटतं, विमान अटलांटिक ओलांडून युरोपवरून जात असणार. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो कॅनडा-अलास्काच्या बाजूने थेट आर्क्टिक महासागरात चढतो आणि सायबेरिया, मध्य आशिया करत मुंबईला उतरतो. घरात पृथ्वीगोल असेल तर या सुट्टीत मुलांकडून करून घ्याच.

पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून विमान नेलं. अंतर हजारभर किलोमीटरने वाढलं, तरी ते साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोहोचलं, कारण वारा पाठीशी होता. शिवाय राजकारण आहेच. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं. मग वळसे आले, इंधनासाठी थांबे आले.

माझं माहेर साताऱ्याचं, त्यामुळे माझा हिशोब मुंबईला संपत नाही. शुक्रवारी दुपारी एकला घर सोडायचं, साडेचारचं विमान, सोळा तासांनी दुबई, तिथे तीन तास बसायचं, पुढे मुंबईला आणखी तीन. रविवारी पहाटे तीनला उतरून, बॅगा घेऊन, गाडीने साताऱ्याला पोहोचेपर्यंत सकाळचे दहा. एकूण साडेबत्तीस तास, तेही सगळं वेळेवर झालं तर.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा भावाने फोनवर एवढंच विचारलं, "ताई, किती वेळ लागेल गं तुला?" हा हिशोब मला पाठ होता. "दीड दिवस धर. थांबू नका," मी म्हटलं. आईला तेवढा वेळ तसंच बसवून ठेवणं मला पटलं नाही. "लेकीसाठी थांबायला हवं होतं," असं काकू अजून म्हणतात. म्हणोत. मी सावडायच्या दिवशी सकाळी पोहोचले.

तेव्हापासून पासपोर्ट आणि मुलाचं ओसीआय कार्ड कपाटात एकाच पिशवीत असतं. इथे जन्मलेल्या मुलांचं ओसीआय अजून काढलं नसेल, तर तेवढं मात्र लांबणीवर टाकू नका. ऐनवेळी तिकीट मिळतं, पण व्हिसासाठी खोळंबावं लागतं.

आई या डिसेंबरात पहिल्यांदाच येते आहे. तिला किलोमीटर सांगितले, तास सांगितले. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, "वाटेत जेवणं किती?"

"चार."

"विमानात देतात म्हणे, पण मी आपल्या दशम्या बांधून घेते."