रिसीव्हरची पारख : आंकडा आणि कान

घरांत संगीत ऐकण्यासाठीं रिसीव्हर घ्यावयाचें ठरलें म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो ‘किती वॅट ?’ हा. खोक्यावरील आंकडा जितका मोठा तितकें यंत्र उत्तम, अशी समजूत सर्वत्र आढळते. आणि सुशिक्षित कुटुंबांचाही पुष्कळ पैसा तिच्यापायीं व्यर्थ जातो. म्हणून या आंकड्याची परीक्षा कशी करावी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

रिसीव्हर म्हणजे रेडिओ ग्रहण करणारा भाग, निरनिराळ्या साधनांकडून आलेला ध्वनि निवडणारा भाग व तो वाढवून स्पीकरला पुरविणारा अॅम्प्लिफायर, या तिघांचा एकाच पेटींतील संसार होय. वॅटचा आंकडा यांपैकीं शेवटच्या भागाचा. परंतु तो कोणत्या अटींवर मोजला, हें कळल्यावांचून त्यास अर्थ नाहीं. प्रामाणिक आंकड्यासोबत चार गोष्टी दिलेल्या असतात : स्पीकर किती ओहमचा, किती वाहिन्या एकाच वेळीं चालू, २० ते २०,००० हर्ट्झचा सबंध पट्टा धरला कीं १,००० हर्ट्झचा एकच स्वर, आणि ध्वनीची विकृति शेंकडा किती. ८ ओहम, दोन वाहिन्या, सबंध पट्टा व ०.१ टक्का विकृति या अटींवर जें यंत्र ८० वॅटचें, तेंच ६ ओहम, एक वाहिनी, एकच स्वर व १० टक्के विकृति धरल्यास दीडशेंच्या घरांत जाऊं शकतें ! ‘पी. एम. पी. ओ.’ या अक्षरांसह छापलेले हजारों वॅट तर सर्वस्वीं वर्ज्य समजावे; त्या मापास सर्वमान्य कसोटीच नाहीं. अमेरिकेंत अशा फसव्या आंकड्यांस आळा घालण्यासाठीं फेडरल ट्रेड कमिशननें १९७४ सालीं नियम केला व २०२४ सालीं तो अधिक कडक केला.

शिवाय वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाहीं; तो अवघा ३ डेसिबल वाढतो. कानास दुप्पट भासण्यास सुमारें दसपट वॅट लागतात. ८० व १०० वॅटांतील अंतर जेमतेम १ डेसिबलचें. त्यासाठीं अधिक पैसे मोजण्यापेक्षां ते स्पीकरवर खर्चावे. १ वॅट दिला असतां १ मीटर अंतरावर ८४ ऐवजीं ९० डेसिबल देणारा स्पीकर चौपट वॅटांचें काम करितो.

शेवटची कसोटी कानाची. दुकानांतील दणदणीत नमुन्यावर विसंबूं नये. आपल्या नित्य परिचयाचें गायन सोबत न्यावें. तानपुऱ्याचा झंकार सलग ऐकूं येतो काय, डग्ग्याची घुमार मोकळी आहे कीं नुसती धमधम, गायकाच्या शब्दांतील व्यंजनें स्वच्छ कळतात काय, तें पाहावें. आवाज चढविल्यावर कर्कशपणा येतो काय व गाणें थांबल्यावर घरघर राहते काय, हेंही पाहावें. दोन यंत्रें ताडून पाहतांना स्पीकर तेच ठेवावे व दोहोंचा आवाज काळजीपूर्वक सारखा करावा. कारण किंचित् मोठें वाजणारें यंत्र कानास सहज सरस भासतें.

घरांतील मुलांच्या कानांवर वर्षानुवर्षें याच यंत्रांतून सूर पडावयाचे असतात. यास्तव वरील चार अटी ज्या यंत्राच्या माहितीपत्रकांत सांपडत नाहींत, तें कितीही स्वस्त मिळालें तरी सुज्ञ गृहस्थानें घेण्याची घाई करूं नये.