विश्लेषण : आगीच्या बंबाचे फोटो काढण्याचा छंद… चौकटीत काय पाहायचे, कुठे थांबायचे?

रविवार, १८ मे २०२५. पहाटे पावणेचारच्या सुमारास सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली. कारखान्याच्या आवारातच राहणाऱ्या कुटुंबातील आणि कामगारांपैकी आठ जणांचा मृत्यू झाला. त्यात एक लहान बाळही होते. आग पूर्ण विझवायला कित्येक तास लागले आणि यंत्रणेच्या तयारीवर प्रश्न विचारले गेले. तोवर ‘बंब’ म्हणजे सायरन वाजवत जाणारी लाल गाडी, एवढीच अनेकांची ओळख होती. ती गाडी किती पाणी नेते, ते किती वेळ पुरते, हे कधी पाहिलेलेच नसते. जगभर काही हजार लोक मात्र हेच पाहतात. अग्निशमन केंद्रांवर जाऊन गाड्यांचे फोटो काढणे, हा त्यांचा छंद आहे.

हा छंद आला कुठून?

‘फिल्म बफ’ हा शब्द आपण सिनेवेड्यांसाठी सर्रास वापरतो. त्यातल्या ‘बफ’चे मूळ आगीत आहे. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमधील स्वयंसेवक अग्निशामक फिकट पिवळसर, म्हणजे ‘बफ’ रंगाचे कोट घालत. आग पाहायला धावणाऱ्या हौशी मंडळींना त्यावरून ‘बफ’ म्हणू लागले आणि पुढे तो शब्द कोणत्याही वेडाला चिकटला. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या हौशींच्या संघटना आहेत. अमेरिकेतील काही गट तर मोठ्या आगीच्या वेळी जवानांना चहा-कॉफी आणि पाणी पुरवतात.

आपल्याकडे असे संघटित रूप फारसे नाही. रेल्वे इंजिनांचे आणि एसटीचे फोटो काढणारे भरपूर, बंबाचे तुरळक. खरे तर ‘बंब’ हा शब्दच या छंदाला शोभेलसा आहे. पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पंप, यावरून तो मराठीत आल्याचे मानले जाते. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आणि रस्त्यावरचा आगीचा बंब, दोघांचे नाव एकच.

फोटोत नेमके काय पाहायचे?

नवखा छायाचित्रकार पुढून, दिवे लागलेले असताना फोटो काढतो. जाणकार आधी बाजूने काढतो, तेही सगळी शटर उघडी असताना. कारण गाडीचे पोट तिथे दिसते. गुंडाळलेल्या होजच्या नळ्या, त्यांच्या तोंडाचे नोझल, विहिरीतून किंवा टाकीतून पाणी ओढणारी जाड सक्शन नळी, वरच्या बाजूला शिडी. मागे किंवा मधल्या भागात पंपाचे पॅनेल असते. हा पंप गाडीच्या इंजिनाच्याच ताकदीवर चालतो.

छतावर तोफेसारखे काही दिसले तर तो ‘मॉनिटर’. माणसाने हातात धरून पेलणार नाही इतका जोरदार फवारा तो लांबवर मारतो. गाडीवर रसायन किंवा तेलाच्या आगीसाठी फेसाची वेगळी टाकी असेल तर ती ‘फोम टेंडर’. नुसतीच प्रचंड टाकी असेल तर तो पाण्याचा ‘बाउझर’, म्हणजे इतर गाड्यांना पाणी पुरवणारा. लाल रंगही कुठलाही नसतो. भारतीय मानकांच्या रंगतक्त्यात ५३६ क्रमांकाची ‘फायर रेड’ नावाची स्वतंत्र छटा आहे.

आता थोडे गणित. नेहमीच्या वॉटर टेंडरमध्ये साधारण ४,५०० लिटर पाणी मावते. एका मोठ्या नळीतून मिनिटाला ४०० ते ५०० लिटर पाणी सहज जाते. दोन नळ्या सुरू केल्या की पाच-सहा मिनिटांत गाडी रिकामी! पुढची गाडी येईपर्यंत किंवा जवळ पाणी मिळेपर्यंत जवान हातावर हात ठेवून उभे राहतात आणि बघणाऱ्यांना वाटते, यांना घाईच नाही.

अक्कलकोट रोडसारख्या भागात हे गणित आणखी कठीण होते. इथे यंत्रमाग आहेत, टॉवेल-चादरीचे ढीग आहेत. टेरी टॉवेलच्या फासांमध्ये हवा कोंडलेली असते, मागाभोवती सुताचे तूस उडत असते. ठिणगी पडली तर आग पटकन पसरते. पण गठ्ठ्याच्या आत ती धुमसत राहते. वरून ओतलेले पाणी आत पोहोचतच नाही. म्हणून कापसाच्या, कापडाच्या आगीत ज्वाला विझल्यानंतरही गठ्ठे एकेक करून उकलावे लागतात.

जुने बंब का महत्त्वाचे?

सरकारी मालकीच्या १५ वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले. हा केंद्राचा नियम महापालिकांच्या गाड्यांनाही लागू आहे. बंबाचे मात्र एक वेगळेपण आहे. तो रोज शेकडो किलोमीटर धावत नाही, बराच काळ केंद्रात उभा असतो. त्यामुळे वय झाले तरी किलोमीटर कमी, असे अनेक ठिकाणी दिसते. नियम किलोमीटर पाहत नाही. नवी गाडी येण्याआधी जुनी निघाली तर केंद्राची ताकद तेवढी घटते. त्यावर वाद होऊ शकतो आणि व्हायलाही हवा.

छंदाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. जुन्या टाटा किंवा लेलँड सांगाड्यावर बांधलेले, हाताने रंगवलेल्या अक्षरांचे बंब भंगारात निघत आहेत. फोटोसोबत तारीख, केंद्राचे नाव, ‘एमएच १३’पासून सुरू होणारा क्रमांक आणि बॉडी बांधणाऱ्या कंपनीची पाटी टिपली, तर शहराकडे कोणत्या वर्षी काय होते याची नोंद तयार होते.

कुठे थांबायचे?

आधी केंद्रप्रमुखांची परवानगी. बंब नेहमी तोंड बाहेर करून उभा असतो, कारण वर्दी आली की मिनिटभरात तो निघायला हवा. त्यामुळे दारासमोर ट्रायपॉड लावणे किंवा दुचाकी उभी करणे म्हणजे त्याचा रस्ता अडवणे. जवानांचे चेहरे विचारूनच टिपावेत.

प्रत्यक्ष आगीच्या ठिकाणी मात्र हा छंद संपतो. अरुंद रस्त्यावर उभ्या केलेल्या चार दुचाकी आणि मोबाइल उंचावलेली गर्दी एवढ्याने बंब पन्नास मीटर अलीकडे अडकतो. मग तेवढी नळी जास्त अंथरावी लागते. अग्निशमन वाहनाला वाट न देणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

फोटोसाठी योग्य वेळ कोणती?

वर्षातला सर्वांत चांगला काळ १४ ते २० एप्रिल, अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर स्फोट झाले, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्या जहाजावर स्फोटकांसोबत कापसाच्या गाठीही होत्या. या सप्ताहात अनेक शहरांत प्रात्यक्षिके होतात, गाड्या लोकांसाठी उघड्या ठेवल्या जातात.

एरवी सकाळच्या कवायतीची वेळ विचारून जावे. एप्रिलमधल्या सोलापूरच्या दुपारच्या उन्हात लाल रंग मोबाइलमध्ये भडक होतो आणि बारकावे पुसले जातात, म्हणून एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे. फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर गाडीवरच्या परावर्तक पट्ट्या पांढऱ्याफटक येतात. फिरत्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे उमटत असतील तर एकाऐवजी आठ-दहा फोटो लागोपाठ घ्यावेत. त्यातला एखादा स्वच्छ निघतो.