विश्लेषण : गेमिंग पीसी जुळवताना ग्राफिक्स कार्डाआधी वीज का पाहावी?

गेमिंगसाठी सुटे भाग निवडून पीसी असेंबल करायचा म्हटले की चर्चा थेट ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते. गावात मात्र हा क्रम बदलावा लागतो. तो का, आणि पैसे नेमके कुठे घालावेत, हे समजून घेऊ.

शहरातल्या एसीच्या खोलीत बसून सुचवलेली सुट्या भागांची यादी जशीच्या तशी उचलून हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावात पीसी जुळवला, तर तो चालू नक्की होईल. तीन-चार उन्हाळे टिकेल का, हा खरा प्रश्न आहे. ग्रामीण भागात संध्याकाळी विजेचा दाब खाली जातो, लाइट गेली की परत येताना झटका देते आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. त्यात एखादा भाग बिघडला तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, नाहीतर तो कुरिअरने पाठवून वाट पाहावी लागते. सोयाबीन-हळदीच्या पैशातून एकदाच होणारी ही खरेदी असेल, तर चुकीच्या निवडीची किंमत सगळे घर मोजते.

सुरुवात कुठून करावी?

कोणते गेम खेळणार आणि कोणत्या मॉनिटरवर, इथून. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धात्मक गेम ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतात. सायबरपंक २०७७ सारख्या भव्य गेममध्ये हाच भार ग्राफिक्स कार्डावर येतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. कार्डाने २०० काढली तरी डोळ्यांना ती दिसत नाहीत. म्हणून मॉनिटरचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

एसएमपीएसवर काटकसर का नको?

भिंतीतली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत बदलण्याचे काम एसएमपीएस करतो. तो खराब निघाला तर एकटा जात नाही. मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो.

किती वॅटचा घ्यावा, याचे गणित सोपे आहे. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो. आरटीएक्स ५०६० कार्डासाठी १४५ वॅट धरा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०-६०. बेरीज २९० च्या आसपास. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, तो पुरेसा आहे.

खोक्यावरचा ‘८० प्लस’ शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. संरक्षणाची हमी देत नाही. त्यामुळे दाब वाढणे, शॉर्टसर्किट आणि अतिउष्णता यांपासून संरक्षण आहे का, हे वेगळे पाहावे. याहून महत्त्वाची गोष्ट लेबलवर असते. ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापले असेल तर संध्याकाळी दाब १८० वर घसरला तरी पीसी चालतो. ‘२०० ते २४०’ असेल तर तो ऐन खेळात बंद पडू शकतो. शहरात हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या का येतात?

अर्थिंग नसल्यामुळे. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही बाजूंनी लोखंडी खोक्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ही किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने फक्त मुंग्या येतात. पण उद्या आत खरा बिघाड झाला तर तो प्रवाह जायलाही वाट नसते आणि तेव्हा जिवावर बेतू शकते. तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची वायर खरेच जोडली आहे का, हे वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यावे. अर्थच्या पिनला न्यूट्रल जोडणे किंवा नळाच्या पाइपला वायर गुंडाळणे हे उपाय धोक्याचे आहेत. पीसीसाठी पैसे साठत असतील तर त्यातला पहिला खर्च अर्थिंगचा असावा.

यूपीएस की घरचा इन्व्हर्टर?

यूपीएस व्हीएमध्ये विकला जातो, भार मात्र वॅटमध्ये मोजतात. बाजारातले ६०० व्हीएचे अनेक यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतात. वरच्या पीसीत मॉनिटरचे ३० वॅट मिळवले तर ३२० होतात. कागदावर बसते, पण कार्डाने क्षणभर जास्त ओढ घेतली की यूपीएस हात टेकतो. १००० व्हीए, ६०० वॅटचा यूपीएस सुरक्षित. घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर मागचे बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवावे, म्हणजे लाइट जाताच तो लवकर भार उचलतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी चालवू नये. कोणताही बॅकअप हा खेळ सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरता आहे, असे समजावे.

प्रोसेसर आणि रॅमचे काय?

प्रोसेसर आणि मदरबोर्डचे सॉकेट जुळले पाहिजे. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४ रॅम चालते, २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५. कमी पैशात आजचे भागवायचे असेल तर एएम४. पुढे फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५. नावापुढे ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसते. कार्ड दुरुस्तीला गेले की पीसीवर काहीच दिसणार नाही. दुकान दूर असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले. मायक्रॉनने त्याच डिसेंबरमध्ये ‘क्रुशियल’ या नावाने ग्राहकांना रॅम व एसएसडी विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले. म्हणून जुन्या व्हिडिओतल्या किमती धरून बजेट आखू नये. १६ जीबी घेताना आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन्ही एकाच वेळी काम करत असल्याने वेग वाढतो.

मग ग्राफिक्स कार्ड?

उरलेल्या बजेटचा सर्वांत मोठा वाटा इथेच जावा. फुल एचडीवर स्पर्धात्मक गेमसाठी ८ जीबी मेमरीचे कार्ड भागवते. नवे मोठे गेम तीन-चार वर्षे खेळायचे असतील तर १६ जीबीचा विचार करावा. अभियांत्रिकीचा अभ्यास, ब्लेंडर किंवा एआयचे प्रयोग याच पीसीवर होणार असतील तर एनव्हिडियाची ‘कुडा’ प्रणाली उपयोगी पडते.

उन्हाळा आणि वीजबिल

खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही जवळपास तेवढेच तापतात आणि मर्यादेपाशी आले की आपला वेग कमी करतात. पत्र्याच्या खोलीत काचेने बंद केलेल्या दर्शनी कॅबिनेटपेक्षा पुढे जाळी, धूळ अडवणारा फिल्टर आणि किमान तीन पंखे असलेले कॅबिनेट बरे. सुगीत फिल्टर दर पंधरवड्याला झटकावा.

३०० वॅटने रोज तीन तास म्हणजे महिन्याला २७ युनिट. घरचा वापर ९० युनिट असेल तर तो शंभरी ओलांडतो आणि वरच्या १७ युनिटना महावितरणचा पुढच्या टप्प्यातला, जवळपास दुप्पट दर लागतो.

घेताना काय तपासावे?

प्रत्येक भागाचे जीएसटी बिल आणि त्यावर सीरियल नंबर हवा. वॉरंटी कंपनीची की फक्त दुकानदाराची, हे विचारून घ्यावे. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत जपावीत. जुना ऑफिसचा पीसी घेऊन त्यात कार्ड बसवणार असाल तर आधी टीपीएम २.० आहे का ते पाहा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम व सिक्युअर बूटशिवाय चालत नाही.