चिकूच्या फुलातली वाटणी

डहाणू, घोलवड, बोर्डीपासून आत तलासरीकडे जाताना चिकूच्या वाड्या दिसतात. इथल्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फुलाकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. पांढुरकं, नखाएवढं फूल. बाहेर डोकावते ती कुक्षी. सहा पुंकेसर आत दडलेले.

त्यांच्या परागकोशात कळी मिटलेली असतानाच पराग घडवण्याचं काम उरकतं. चिकूच्या पेशीत 26 गुणसूत्रं. परागाची मातृपेशी ती आधी दुप्पट करते, मग लागोपाठ दोनदा विभागते. पहिल्या विभाजनात जोडीदार गुणसूत्रं एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करून वेगळी होतात. खरी गंमत इथेच आहे; म्हणूनच बी लावून आलेलं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. बागायतदार कलमं बांधतात ती यामुळेच. दुसऱ्या विभाजनानंतर चार पेशी, प्रत्येकीत 13 गुणसूत्रं.

चौघी काही काळ कॅलोजच्या वेष्टनात एकत्र राहतात. परागकोशाच्या आतल्या अस्तरातून आलेलं विकर ते विरघळवतं आणि कण सुटे होतात. मग प्रत्येक कण आतल्या आत पुन्हा विभागतो: मोठी पेशी परागनलिका वाढवते, छोटीतून दोन नरयुग्मकं होतात. बाहेरचं स्पोरोपोलेनिनचं कवच इतकं चिवट, की लाखो वर्षांपूर्वीचे पराग खडकांत सापडतात.