ट्रकची जुनी डिझेल टाकी : वेल्डिंग करायची की बदलायची?

मांजरसुंबा येथे धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता मिळतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांना घेऊन ट्रक आणि ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघतात. निघण्याच्या तोंडावर मालकाच्या लक्षात येते की टाकी गळते आहे. तेथून ती थेट वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडे येते. आमच्या कारागीर बंधूंशी आम्हाला बोलायचे आहे ते याच कामाविषयी.

हंगाम संपला की गाडी पावसाळाभर दारात उभी असते. पैसे अडकून पडू नयेत म्हणून टाकीत डिझेल थोडेच ठेवतात. मग रिकाम्या जागेतील दमट हवा रात्री गार पत्र्यावर थेंब होऊन बसते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जाते आणि पत्रा आतून खाते. दुसरी जागा पट्ट्याखालची. तिथला नमदा ओल धरून ठेवतो. वरून रंग चकचकीत आणि खाली पत्रा चाळणीसारखा, असे पुष्कळदा निघते.

गळतीवर साबणाची वडी घासून ड्रायव्हर मुक्काम गाठतो, ते ठीक. पण तळाचा पत्रा पातळ झाला असेल तर आज एक भोक बुजवले की महिन्याने शेजारी दुसरे पडते. शिवाय सुटलेला गंज फिल्टर चोंदवतो. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांचे इंजेक्टर इतके नाजूक की बारीक गंजही त्यांना महागात पडतो. आमच्या मते अशा टाकीला ठिगळ लावणे म्हणजे गिऱ्हाइकाचे नुकसानच.

आता जिवाची गोष्ट. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची! सांध्यांत आणि गंजात मुरलेले डिझेल टॉर्चच्या उष्णतेने वाफ होते, हवेत मिसळते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. "इतकी वर्षे करतोय, काही झाले नाही," असे सांगणारे मिस्त्री आम्हाला भेटतात. नुसते पाण्याने खळखळून भागत नाही. टाकी चेसिसवरून उतरवावी, सर्व तोंडे उघडी ठेवावीत, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन वाफ द्यावी आणि जोडाच्या जरा खालपर्यंत पाणी भरूनच ज्योत लावावी. सोडा हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. एवढी सोय नसेल तर काम परत पाठवावे. मजुरी बुडेल, बुडू द्यावी.

नवी टाकी घेताना जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको. डिझेलशी त्याचे जमत नाही, साबणासारखा चिकटा तयार होऊन फिल्टर बसतो. तळाला पाणी काढायचा प्लग आहे का ते पाहावे. पट्ट्याखाली नमद्याऐवजी रबर घालावे. फ्लोट आणि रिटर्न पाईपच्या जागा जुन्या टाकीशी आधीच ताडून पाहाव्यात, नाहीतर बसवताना ओढाताण होते.

कोकणातल्या लाँचवाल्यांपेक्षा ट्रकवाले सुखीच म्हणायचे. लाँचची टाकी डेकखाली असली तर ती काढण्यासाठी कधी फळ्याच उचकटाव्या लागतात. आपली टाकी चार बोल्टांवर बाहेरच लटकते. तरी ती दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातच उतरते. मे महिन्यात गाडी परतली की उतरवावी, मिस्त्रीही तेव्हा मोकळा असतो. नवी बसल्यावर गाडी उभी करायची तर टाकी भरून ठेवावी, आणि हंगामाला निघण्यापूर्वी तळाचा प्लग उघडून पाणी निघते का ते एकदा पाहावे.